विश्लेषण : उसाच्या अकलूजमध्ये इटलीचे द्राक्ष कसे रुजले? मराठवाड्याने त्यातून काय घ्यावे?

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज म्हटले की साखर कारखाना, घोडेबाजार आणि मोहिते-पाटलांचे राजकारण आठवते. पण याच माळशिरस तालुक्यात मोटेवाडीच्या माळरानावर इटलीच्या टस्कनी प्रांतातील 'सांजोवेझे' नावाच्या काळ्या द्राक्षाच्या बागा आहेत. त्या द्राक्षाची वाइन 'फ्रतेल्ली' या नावाने विकली जाते. तीन कुटुंबांनी मिळून उभ्या केलेल्या या उद्योगाने आपली इटालियन ओळख एका द्राक्षाच्या वाणातून जपली आहे. हे कसे घडले, या वाणात विशेष काय आणि देगलूर, उदगीर, औसा भागातील शेतकऱ्याला या प्रयोगातून काय शिकता येईल, याचा हा आढावा.

'फ्रतेल्ली' म्हणजे काय? यामागे कोण आहे?

इटालियन भाषेत 'फ्रतेल्ली' म्हणजे भाऊ. कंपनीत भावांच्या तीन जोड्या आहेत. इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील. सातवे नाव पिएरो मासी यांचे. टस्कनीतील किआंती भागात वाइन बनवण्यात मुरलेल्या मासी यांनी अकलूजमध्ये कोणती जमीन निवडायची, कोणते वाण लावायचे आणि वाइन कशी घडवायची, याची जबाबदारी घेतली. कंपनीच्या सर्वात मानाच्या लाल वाइनचे नाव 'सेत्ते' आहे. 'सेत्ते' म्हणजे सात. सांजोवेझे आणि फ्रान्सचे कॅबर्ने सॉव्हिनॉन या दोन द्राक्षांच्या मिश्रणातून ती तयार होते.

लागवडीची सुरुवात २००७ च्या सुमारास झाली. रोपे युरोपातून आणली गेली. ऊस सोडून एखाद्याने द्राक्ष लावणे सोलापूर जिल्ह्याला नवे नाही. याच जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हा खाण्याच्या द्राक्षाचा वाण शोधून राज्याला दिला. नवे होते ते बाजारात पेटीने न विकता येणारे, फक्त वाइनसाठीचे द्राक्ष लावणे.

सांजोवेझे हे द्राक्ष नेमके कुठले?

सांजोवेझे हा इटलीत सर्वाधिक क्षेत्रावर लावला जाणारा काळ्या द्राक्षाचा वाण. त्याच्या नावाची फोड 'जुपिटर देवाचे रक्त' अशी परंपरेने केली जाते. जगभर प्रसिद्ध असलेली 'किआंती' वाइन याच द्राक्षाची. 'किआंती क्लासिको' असे लेबल लावायचे असेल तर बाटलीत किमान ८० टक्के सांजोवेझे असावे लागते. 'ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो' या महागड्या वाइनमध्ये तर शंभर टक्के हेच द्राक्ष चालते.

हा वाण हाताळायला सोपा नाही. साल पातळ, पक्व व्हायला उशीर आणि घडांचा भार वाढला की चव लगेच पाणचट होते. चांगली बाजू अशी की यात आम्लता भरपूर असते. उष्ण हवेत द्राक्षातील आम्ल झपाट्याने कमी होते आणि वाइन गोडसर, जड लागू लागते. जो वाण मुळातच आंबटपणा धरून ठेवतो, त्याला आपल्याकडच्या उन्हात टिकाव धरणे तुलनेने सोपे जाते.

टस्कनीचा अभिमान मानला जाणारा हा वाण रक्ताने मात्र निव्वळ टस्कनीचा नाही. २००४ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए संशोधनात त्याचा एक पालक टस्कनीतील 'चिलिएजोलो' आणि दुसरा दक्षिण इटलीशी नाते सांगणारा, जवळपास विस्मृतीत गेलेला 'कालाब्रेझे दी मोन्तेनुओवो' असल्याचे दिसले. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल स्थानिक' म्हणतो, तोही कधीतरी दोन प्रदेशांच्या संकरातूनच आलेला असतो.

'सेत्ते'चे मिश्रण कुठून आले?

सांजोवेझे आणि कॅबर्ने यांची जोडी अकलूजमध्ये पहिल्यांदा जमलेली नाही. १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात असलेल्या फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी कुटुंबाने १९७१ च्या हंगामातील 'तिन्यानेल्लो' ही वाइन बाजारात आणली. त्यांनी सांजोवेझे लहान ओक पिंपांत मुरवले आणि पुढे त्यात कॅबर्नेची भर घातली. त्या काळी किआंतीच्या नियमांनुसार लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षे मिसळावी लागत. नियम मोडल्यामुळे या वाइनला 'किआंती' म्हणवून घेता आले नाही. ती साध्या 'टेबल वाइन'च्या वर्गात गेली, पण किमतीला आणि प्रतिष्ठेला अनेक किआंतींच्या पुढे निघाली. अशा वाइनना पुढे 'सुपर टस्कन' हे नाव पडले आणि नंतर नियमच बदलले गेले.

'सेत्ते'ची घडण याच वाटेने जाते. 'जुने तसेच्या तसे ठेवणे' एवढाच वारशाचा अर्थ नाही, हे त्यातून दिसते. टस्कनीच्याच लोकांनी परंपरेत जो बदल केला, तो बदलही अकलूजला आला.

याच द्राक्षाची पांढरी वाइनही कंपनी बनवते. काळ्या द्राक्षाची वाइन पांढरी कशी, हा प्रश्न पडू शकतो. उत्तर सोपे आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असतो, रंग सालीत असतो. द्राक्षे हलक्या हाताने दाबून रस लगेच सालीपासून वेगळा केला तर वाइन पांढरी होते. साल रसासोबत आंबवली तर लाल होते.

ओळख जपायला द्राक्षाचा वाणच का?

कारण दुसरे फारसे काही सोबत नेता येत नाही. 'किआंती' किंवा 'मोन्ताल्चिनो' ही गावांची आणि प्रदेशांची नावे आहेत. त्यांना भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. अकलूजमध्ये कितीही उत्तम वाइन बनवली तरी तिला 'किआंती' म्हणता येणार नाही. माती आणता येत नाही, हवा आणता येत नाही. आणता येतो तो वेलीचा डोळा, म्हणजे वाण. आणि वाणाचे नाव वापरायला सगळ्यांना मुभा आहे. इटलीत बाटलीवर गावाचे नाव मोठे असते, द्राक्षाचे नाव अनेकदा नसतेच. अकलूजच्या बाटलीवर मात्र 'सांजोवेझे' हे नाव ठळक दिसते.

पण वाणाचे नाव कायम मोकळे राहील, याचीही खात्री नसते. 'प्रोसेक्को' हे त्याचे ताजे उदाहरण. हे आधी द्राक्षाचेही नाव होते. २००९ मध्ये इटलीने त्या द्राक्षाचे अधिकृत नाव 'ग्लेरा' केले आणि 'प्रोसेक्को' हे प्रदेशाचे नाव म्हणून राखून ठेवले. त्याचा फटका ऑस्ट्रेलियातील उत्पादकांना बसला. 'आमच्यासाठी हे आजही द्राक्षाचेच नाव आहे' असा त्यांचा दावा आहे आणि हा वाद व्यापार करारांच्या चर्चेपर्यंत पोहोचला.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. केसर आंबा मूळचा सौराष्ट्रातला. त्याची कलमे इकडे आली, इथल्या मातीत रुजली आणि आज 'गीर केसर'प्रमाणेच 'मराठवाडा केसर' यालाही स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे. उलट बाजूने पाहायचे तर २०२५ मध्ये इटलीतील 'प्राडा' या ब्रँडने मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दाखवली. त्यावर महाराष्ट्रातून टीका झाली आणि कंपनीला प्रेरणा कुठून घेतली, हे मान्य करावे लागले. उगम मोकळेपणाने सांगितला तर वस्तू उसनी असली तरी मान राहतो. अकलूजच्या बाटलीने तो सांगितला आहे.

टस्कनीचा वेल सोलापूरच्या उन्हात कसा वाढतो?

खरी कसोटी इथेच आहे. टस्कनीत हिवाळ्यात वेल झोपी जातो. थंडीत एकदाच छाटणी होते, वसंतात फूट येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. त्यामुळे महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते.

एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. त्या फुटीतून काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे बसतात. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. या छाटणीनंतर घड येतात आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. म्हणजे टस्कनीत काढणी सुरू असते, तेव्हा अकलूजला वेलीवर कात्री चालत असते. फळ पावसाळ्यात नव्हे, कोरड्या थंडीत पिकावे, हा या वेळापत्रकाचा हेतू. फळात गोडी भरताना रात्री गारवा मिळाला की आम्लता आणि सुगंध टिकतो. काढणीला उशीर होऊन मार्चचे ऊन लागले की साखर धावत वाढते आणि आम्ल पडते.

दख्खनच्या द्राक्षांचे हे वेगळेपण फार जुने आहे. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद केली आहे.

रोगांचे काय? केवडा, भुरी आणि करपा हे तिन्ही शत्रू वाइनच्या द्राक्षालाही सोडत नाहीत. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की फुलोऱ्यात केवडा येतो आणि घड जातात. पातळ सालीच्या सांजोवेझेला काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकण्याचा धोका असतो. वेल कलमी असतात. खाली खुंट अमेरिकी कुळाचा आणि वर डोळा हव्या त्या वाणाचा. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा इटली आणि फ्रान्सही याच उपायाने वाचले. महाराष्ट्रात 'डॉगरिज' किंवा '११०-आर' हे खुंट क्षार आणि पाणीटंचाई सोसण्यासाठी वापरले जातात.

खायचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यात फरक काय?

फरक मोठा आहे आणि शेतकऱ्याचा निर्णय यावरच ठरतो. थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश ही खाण्याची द्राक्षे बिनबियांची, मोठ्या मण्यांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षे बारीक मण्यांची, बिया असलेली आणि रसाच्या मानाने साल-बियांचे प्रमाण जास्त असलेली. कारण रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी उत्पादन १० टनांच्या घरात जाऊ शकते. दर्जेदार लाल वाइनसाठी ते मुद्दाम निम्म्याहूनही कमी ठेवले जाते. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला सुमारे एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात.

मुख्य मुद्दा बाजाराचा आहे. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, दुसऱ्या बाजारात माल नेता येतो. वाइनच्या द्राक्षाला ग्राहक एकच, वायनरी. तिने माल नाकारला तर बाजार समितीत तो कोणी विचारत नाही. २००८-०९ च्या जागतिक मंदीनंतर महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. मागणी घटली, काही वायनऱ्या अडचणीत आल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा काढून टाकल्या. अकलूजच्या प्रयोगात बाग आणि वायनरी एकाच छताखाली असल्याने ही जोखीम कंपनीने स्वतःवर घेतली. करारावर द्राक्ष लावणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला तशी ऐपत नसते.

महाराष्ट्रात आणखी कोणी इटालियन वाण लावले आहेत?

होय. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडी येथील 'रेव्हेलो' या पाटील कुटुंबाच्या वायनरीने सिसिली बेटावरचे 'नेरो दाव्होला' हे काळे आणि 'ग्रिल्लो' हे पांढरे द्राक्ष लावले. सिसिली हा उष्ण, कोरडा प्रदेश आहे. त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने ही निवड टस्कनीच्या वाणापेक्षाही सरळ म्हणता येईल. देगलूरला लागून असलेल्या कर्नाटकात हंपीच्या टेकड्यांमध्ये 'क्रस्मा' ही वायनरी सांजोवेझेची वाइन बनवते.

परदेशात अशी उदाहरणे स्थलांतरित कुटुंबांत दिसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सेगेझिओ कुटुंबाने १९१० मध्ये सांजोवेझेची लागवड केली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या किंग व्हॅलीत स्थायिक झालेली इटालियन कुटुंबे आधी तंबाखू पिकवत. तंबाखूचे दिवस संपत आल्यावर पिझ्झिनी कुटुंबासारखे काही जण द्राक्षांकडे आणि पुढे सांजोवेझे, नेब्बिओलो या आजोबांच्या देशातील वाणांकडे वळले. फरक इतकाच की तिथे इटालियन माणसे वाण घेऊन कायमची राहायला गेली. अकलूजमध्ये वाणासोबत भागीदारी आली.

सरकारी धोरणाचा यात वाटा किती?

मोठा. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले. वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत देण्याची योजनाही आणली.

दुसरा आधार आयात शुल्काचा. परदेशी वाइनवर भारतात १५० टक्के शुल्क आकारले जात आले. त्यामुळे इटलीतून येणारी किआंती महाग पडते आणि अकलूजच्या सांजोवेझेला जागा मिळते. मात्र ही भिंत हळूहळू उतरते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियासोबतच्या करारात ठरावीक किमतीच्या वरील वाइनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. उद्या परदेशी बाटली स्वस्त झाली तर 'इटालियन वाण' एवढ्या ओळखीवर वाइन विकणे अवघड जाईल. तेव्हा बाटलीवर अकलूजचे नाव किती वजनदार आहे, हे महत्त्वाचे ठरेल.

गावाला हे चालते का?

आषाढीला तुकोबांची पालखी अकलूजला मुक्काम करते, माउलींची पालखी माळशिरस तालुक्यातून जाते. वारीच्या वाटेवर वाइनचा उद्योग, हा विरोधाभास डोळ्यांत भरणारा आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'शेतकऱ्यांचे हित' विरुद्ध 'व्यसनाला आमंत्रण' असा वाद पेटला. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय प्रत्यक्षात आला नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वाइन हे मद्यच आहे, द्राक्षापासून बनते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. त्याच वेळी रोपवाटिका, छाटणी, काढणी, वायनरी आणि पर्यटन यांतून गावात वर्षभर काम मिळते, हेही खरे.

देगलूर, लातूर भागात हे शक्य आहे का?

देगलूरहून उदगीर, लातूर, बार्शी ओलांडत अकलूजकडे निघाले की पाऊसमान आणि जमीन बदलत जाते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो आणि तिथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. नांदेड जिल्ह्यात तो ८०० मिलिमीटरहून अधिक आहे. देगलूर भागातील खोल काळी जमीन सोयाबीन, कापसाला चांगली, पण द्राक्षाच्या मुळांना पाणी साचलेले चालत नाही. वाइनच्या वेलीला तर थोडी हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि मोजके पाणीच मानवते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या काही भागांत द्राक्ष बागा आहेत. तिथली परिस्थिती अकलूजच्या अधिक जवळची आहे.

म्हणून कोणी 'इटालियन द्राक्ष लावा, लाखो कमवा' असे सांगत आले तर तीन गोष्टी आधी विचाराव्यात. पहिली, माल घेणारी वायनरी कोणती आणि लेखी करार किती वर्षांचा? वेल फळाला यायला दोन-तीन वर्षे लागतात आणि बाग त्यानंतर १५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते. करार दोन हंगामांचा असेल तर उरलेल्या वर्षांची जोखीम शेतकऱ्याची. दुसरी, भाव वजनावर ठरणार की साखरेच्या प्रमाणावर, आणि मोजणी कोण करणार? तिसरी, पाऊस लांबून माल खराब झाला तर नुकसान कोणाचे? माती-पाणी तपासणी आणि वाणाच्या निवडीसाठी पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेता येतो.

पुढे काय?

अकलूजच्या प्रयोगाकडून मराठवाड्याने घ्यायचे ते सांजोवेझेचे रोप नव्हे, त्यामागची पद्धत. बाहेरचा वाण आणताना त्याचा जाणकारही सोबत आणला, त्याला आपल्या हवेचे वेळापत्रक लावले, माल कुठे जाणार हे लागवडीआधी ठरवले आणि बाटलीवर त्याचा उगम लपवला नाही. केसरच्या बाबतीत मराठवाड्याने हेच आपल्या पद्धतीने केले आहे. पुढचा वाण कोणताही असो, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय कलमाची ऑर्डर देऊ नये.